गर्भाची खुंटलेली वाढ आणि जनुकांचे कार्य

प्रवरेच्या काठावरील संगमनेर तालुका उसाबरोबरच दुधाचाही तालुका आहे. धार काढण्यापासून गोठ्यातील बरीचशी कामे घरातील स्त्रीच करते. त्या दुधाचा किती वाटा तिच्या पोटात जातो, हा प्रश्न वरवर घरगुती वाटला तरी तो पुढील पिढीच्या आरोग्याचा आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुणे परिसरातील सहा गावांत गर्भवती स्त्रियांची पाहणी हाती घेतली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. पण खरी नवलाची गोष्ट वेगळीच होती. पुण्याच्या बालकांत स्नायू कमी होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला किरकोळ असलेले हे मूल मोठेपणी मधुमेहाकडे झुकण्याचा संभव असतो. ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध वारंवार घेत, त्यांची बालके तुलनेने मोठी आढळली.

जनुके तर मातापित्यांकडून येतात; मग आहाराचा संबंध कोठे येतो? प्रत्येक पेशीत जनुके तीच असली तरी सर्व एकाच वेळी कार्यरत नसतात. मिथिल नावाचा लहानसा रासायनिक गट जनुकावर बसला की बहुधा त्याचे कार्य मंदावते. हे गट पुरविण्यासाठी फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व दोन्ही लागतात. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. त्या काळात गर्भधारणा झालेल्या व्यक्तींची सहा दशकांनंतर तपासणी झाली, तेव्हा वाढीशी निगडित एका जनुकावर त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा मिथिल गट कमी असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भावस्थेच्या आरंभीच्या दिवसांतील उपासमारीची खूण साठ वर्षे टिकली होती.

अर्थात प्रत्येक लहान बालकामागे आहारच असतो असे नाही. मातेचा रक्तदाब, वारेतील दोष, रक्तक्षय, आणि आपल्याकडे सर्रास दुर्लक्षिली जाणारी मिशरी, हीही कारणे आहेत.

पुण्याच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. यावरून फॉलिक आम्लाच्या गोळ्या थांबवाव्यात असा अर्थ मात्र कोणी काढू नये; त्या आवश्यकच आहेत.

आरोग्य केंद्रात गर्भवतीचे नाव नोंदले जाते तोवर गर्भाचे पहिले आठवडे उलटून गेलेले असतात. म्हणूनच २०१२ मध्ये याच संशोधकांनी किशोरवयीन मुलामुलींना ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू केला. त्या वयाच्या मुली शाळेच्या पटावर असतात. संकलन केंद्राकडे निघालेल्या दुधातून त्यांच्यासाठी एक पेला बाजूला काढण्यास कोणत्याही मंजुरीची आवश्यकता नाही.