भक्तीच्या दोन बोली



नाटकातल्या कुणाविषयी तरी बोल, असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा नाव शोधावं लागलं नाही. भक्ती बर्वे. रंगभूमीवरची माझी सहकारी आणि मैत्रीण.

आपल्यापैकी अनेकांनी तिला मुंबई दूरदर्शनवर बातम्या सांगताना पाहिलं असेल. स्वच्छ उच्चार, कुठे घाई नाही. हीच भक्ती १९७५ साली पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'त फुलं विकणारी मंजुळा झाली. कुणालाही वाटावं, बातम्यांची भाषा तिची खरी आणि मंजुळेची नुसती नक्कल. विंगेतून ऐकताना मला तसं कधी वाटलं नाही. मंजुळेचा हेल, तिचे अर्धवट तोडलेले शब्द, प्राध्यापकावर चिडून केलेलं ते स्वगत, यांतला एकेक उच्चार ती बातमीइतक्याच काळजीनं करायची. प्रेक्षक पोट धरून हसायचे, पण मंजुळेची टवाळी होत नसे.

मला हे फार लागलं, कारण मी आपल्या गावची. मुंबईत पहिल्या तालमीला मी 'पाणी'ला 'पानी' म्हटलं आणि सगळे हसले. पुढे कितीतरी दिवस मी संवादापलीकडे तोंड उघडत नसे. भक्तीची मंजुळा ऐकली आणि ती भीती गेली. चहाच्या वेळी मी तिच्याशी बेधडक आपल्या बोलीत बोलू लागले.

सुधाताई करमरकरांच्या बालनाट्यांतून भक्ती लहानपणीच रंगमंचावर आली होती. लहान वयात कुणीतरी उभं केलं, म्हणजे किती फरक पडतो!

१२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावरच्या अपघातात ती गेली. वय अवघं बावन्न. मंजुळा पुढे इतरांनीही केली, चांगली केली. माझ्या कानात मात्र तिचीच आहे.

बाई, सर, तुमच्याकडे एक मागणं आहे. प्रमाण भाषा मुलांना जरूर शिकवा, तिच्यावर माझं पोट चाललं. पण यंदाच्या स्नेहसंमेलनात एखादं पोर 'पानी' म्हणालं, तर त्याला मध्येच थांबवू नका. त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. चूक मागाहून सुधारता येते. एकदा मिटलेलं तोंड उघडायला फार वर्षं लागतात.