मंत्रचळ आणि घरातील माणसे
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



ज्या मेळाव्यात वधूवर-सूची वाटली जाते त्या मेळाव्यात मनाच्या आजाराची चर्चा कशाला, अशी पृच्छा मजजवळ झाली. माझे उत्तर असे की, त्या सूचीच्या धाकानेच हा आजार आपल्या घरांतून वर्षानुवर्षे दडविला जातो. तेव्हा त्याविषयी येथेच बोलले पाहिजे.

मंत्रचळ हा शब्द आपण थट्टेने वापरतो. डॉक्टर मंडळी यास ओसीडी म्हणतात. नकोसा विचार पुनःपुन्हा मनात येतो, जीव कासावीस होतो, आणि ती तगमग शमविण्यासाठी हात धुणे, कडी तपासणे, मोजणे अशी एखादी कृती करावीच लागते. केली की घटकाभर बरे वाटते; तोच शंका पुन्हा उभी राहते. सोवळे पाळणाऱ्याचे सोवळे पूजा आटोपली की सुटते व त्यास समाधान लाभते. मंत्रचळाचे सोवळे सुटतच नाही. वहीतील एकच अक्षर कागद फाटेपर्यंत खोडणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत. त्यांना टापटिपीबद्दल शाबासकी मिळते, हे दुर्दैव!

काही रोग्यांचे दुःख तर डोळ्यांना दिसतही नाही. विळी पाहताच ‘मी बाळाला इजा करीन’ असा विचार एखाद्या मातेच्या मनात येतो आणि ती भीतीने विळीच दडवून ठेवते. ती दुष्ट नव्हे. तो विचार तिला असह्य होतो, हेच तिच्या आजाराचे स्वरूप आहे. हे तिला घरातील कोणी सांगत नाही, कारण ती कोणाजवळ बोलतच नाही.

आता मुख्य मुद्दा. माझ्या परिचयाच्या एका घरी यजमान कचेरीतून आले की दारातच कपडे बदलीत, मुले सुटी नाणी धुऊन देत, आणि नऊ वाजण्याच्या आत पाण्याची टाकी रिकामी होई. सर्वजण हे मायेपोटी करीत. परंतु घरातील माणसे आजाराच्या आज्ञा जितक्या पाळतात, तितका तो बळावतो, असे तज्ज्ञ सांगतात. रागावणे, पाणी एकाएकी तोडणे, हाही उपाय नव्हे.

लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली दोन रुग्णांवरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ज्याची भीती वाटते त्यास सामोरे जावयाचे आणि नंतरची कृती करावयाची नाही, हे त्याचे तत्त्व. आज हीच पद्धत प्रमुख मानली जाते. तगमग प्रथम वाढते, पण कृती न करताही ती ओसरते, किंवा निदान सोसता येते, हा अनुभव रोग्यास स्वतः यावा लागतो.

घरी हे तज्ज्ञांच्या सल्ल्याने आणि रोग्याच्या संमतीने करावे. सोप्या भीतीपासून आरंभ करावा. ‘कडी लागली ना रे?’ असे आईने दहादा विचारल्यास मुलाने एकदाच उत्तर द्यावे व पुढे म्हणावे, “आई, हा प्रश्न त्या आजाराचा आहे. मी तुझ्यापाशी बसतो, पण उत्तर देणार नाही, आपले ठरले आहे तसे.” आणि खरोखर बसावे! बोलून उठून जाणाऱ्यांचा उपयोग नाही. आज हात सातऐवजी पाचदा धुतले, तर तेही मोजून कौतुक करावे. परीक्षा, आजारपण, लग्नकार्य अशा दिवसांत लक्षणे पुन्हा वाढू शकतात. तेवढ्यावरून केलेले सर्व वाया गेले असे समजू नये.

फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधेही गुणकारी आहेत. मात्र त्यांचा गुण दिसावयास ८ ते १२ आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळ्या टाकून देऊ नयेत. रोगी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मराठीतही बोलता येते.

राहता राहिला विवाहाचा प्रश्न. ‘लग्न लावून द्या, आपोआप बरी होईल’ हा सल्ला आपल्याकडे वडीलधारी मंडळीच देतात. प्रत्यक्षात, आजार लपवून दिलेली मुलगी सासरी गोळ्या घेणार कोठे आणि कशी? बहुधा त्या बंदच होतात, आणि काही महिन्यांत आजार उलटतो. उपचार चालू असलेली मुले-मुली संसार उत्तम करू शकतात. पाहावयास येणाऱ्यांना हे आधी सांगावे, आणि सांगणाऱ्या घराला आपण नावे ठेवू नयेत, एवढी माझी या सभेस विनंती आहे.