नडगीवरील गाठ आणि नवी त्वचा

पायावर एखादी कठीण, न दुखणारी गाठ वर्षानुवर्षे असली, तर तिची चिंता सहसा कोणी वाहत नाही. परंतु क्वचित प्रसंगी ती डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स नावाचा त्वचेचा कर्करोग ठरते. फ्रान्समधील दारिए व फेराँ या वैद्यांनी १९२४ साली या रोगाचे वर्णन केले. दहा लाख माणसांत वर्षाकाठी पाचांहून अधिक रोगी सहसा आढळत नाहीत.

हा रोग शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो. मात्र जागच्या जागी तो मोठा चिवट असतो. वर दिसते सुपारीएवढी गाठ. पण तिचे तंतू हरळीच्या मुळ्यांप्रमाणे त्वचेखाली दूरवर गेलेले असतात. व्रण लहान राहावा या दयाबुद्धीने दिसते तेवढेच कापले, तर गाठ पुन्हा उद्भवते आणि दुसऱ्या खेपेस अधिक कापावे लागते. म्हणून भोवतालची दोन-तीन सेंटिमीटर निरोगी भासणारी त्वचाही काढण्याचा प्रघात आहे.

पोटावरील सैल त्वचा ओढून शिवता येते. नडगीवरील त्वचा चिमटीतही येत नाही. मग उघडी जखम झाकावी कशाने? तळाशी स्नायू असेल, तर मांडीवरील त्वचेचा पातळ पापुद्रा तेथे बसवितात. जखमेतील रक्तावर तो जगतो. पण हाडावरील आवरणही काढावे लागले, तर उघड्या हाडावर पापुद्रा जगत नाही. तेथे स्वतःचा रक्तपुरवठा असलेले मांसच हवे. गुडघ्याखाली पोटरीचा स्नायू वळवून आणता येतो. घोट्यापाशी तोही पोहोचत नाही. तेव्हा शरीराच्या दूरच्या भागातील तुकडा रक्तवाहिन्यांसह आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. मेलबर्न येथे १९७३ साली ही क्रिया साध्य झाली.

रक्ताचा हा धागा राखण्याचे मर्म आपल्याकडे अपरिचित नव्हते. पुण्याकडील वैद्य कपाळाची त्वचा देठासह वळवून नवे नाक घडवीत, हे वृत्त १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापले गेले होते.

तथापि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे धीर. जखमेच्या कडा निर्मळ आहेत, असा निर्वाळा तपासणीतून मिळेपर्यंत कित्येकदा ती तात्पुरती झाकून ठेवावी लागते. घाईने सुंदर आच्छादन घातले आणि खाली रोग उरला, तर ते सौंदर्य व्यर्थच. पायावर खळगा राहील, रंगही निराळा दिसेल. परंतु त्या पायाने मनुष्य पुन्हा चालू लागेल. म्हणून वाढती गाठ लपवू नये. तिचा लहानसा तुकडा वेळीच तपासून घ्यावा.