गल्ल्यावरचा देव नेमका काय करतो?

आज जरा मोरोक्कोला जाऊया. मराकेशचा जुना बाजार. एरिक डुहेम या संशोधकाने तिथल्या 69 दुकानदारांना तीन पर्याय दिले. 20 दिरहम स्वतःला ठेवा, किंवा 10 स्वतःला आणि 30 दानाला, किंवा स्वतःला शून्य आणि 60 दानाला. 2015 मध्ये हा अभ्यास छापून आला. अजान कानावर पडत असताना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांनी 60 दानाला दिले. एरवी विचारलं तेव्हा साधारण साठ टक्क्यांनी.

बाजार तोच, धर्म तोच. फरक फक्त वेळेचा! आपणही व्यवहार करताना ‘माणूस देवभोळा आहे, फसवणार नाही’ असं म्हणतो ना? मला तो निकष कच्चा वाटतो. बिल करताना त्याला देव आठवतो का, ते बघा. लक्ष्मीपूजनाला वह्यांना हळदकुंकू वाहिलं, ते वर्षातून एकदा.

पण थांबा, नुसती आठवण पुरते असंही नाही. दहा आज्ञा आठवायला लावल्या की लोक कमी फसवतात, असा 2008 चा एक गाजलेला प्रयोग होता. 2018 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी तो पुन्हा करून पाहिला, तर तसं काही दिसलंच नाही.

इथे मला तुकोबा आठवतात. घरची सावकारी होती. परंपरा सांगते, की निम्मी कर्जखतं त्यांनी भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ही भक्ती तर खरीच, पण मी याला मानसशास्त्रही म्हणेन. वसुलीचा मोह ज्याने होईल, तो कागदच हाताशी ठेवला नाही.

आता एका श्रोत्याचा प्रश्न. तो फोनवरून कर्ज विकतो. महिनाअखेरीला वरून सांगतात, ‘प्रोसेसिंग फीचं बोलू नकोस.’ तो म्हणतो, ‘दादा, मी रोज सकाळी जप करतो, तरी दुपारी गप्प बसतो.’

अरे, जप सहाला आणि कॉल चारला! मध्ये दहा तास गेले. मी तुझ्या जागी असतो तर फीचा आकडा बोलण्याच्या पहिल्याच वाक्यात टाकला असता. आधी फी, मग व्याजदर. आणि बोलता बोलता तोच आकडा ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. एकदा गेला की लपवायला काही उरतच नाही.

टार्गेट हुकू शकतं, हे मी गोड करून सांगणार नाही. इन्सेंटिव्ह जाईल, घरचा हप्ता तर भरायचाच आहे. तेव्हा साहेबांसमोर काय बोलायचं, ते पुढच्या भागात. तोवर तुमच्या ऑफिसात काय ‘बोलू नकोस’ म्हणून सांगतात, ते मला व्हॉइस नोटने पाठवा. कंपनीचं नाव नको!