स्वादुपिंडाचा ओव्हरटाइम



ज्या विषयावर डॉक्टरांनी बोलावे त्यावर बोलण्यास मी उभा आहे. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयात. पण तीस वर्षे कामगार संघटनेत काढली, आणि ज्या सोबत्यांना खांदा दिला त्यांत बसचालक फार. त्यांतल्या एकाची बायको मला म्हणाली, "दादा, महिन्यामागेच साखर तपासली होती, ठीक होती. मग हृदय कसे बंद पडले?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून वाचू लागलो.

जेवल्यावर रक्तात साखर चढते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि त्याच्या हुकमाने स्नायू साखर उचलतात. काहींचे स्नायू व यकृत या हुकमाला पुरती दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड ओव्हरटाइम करते, जास्त इन्सुलिन ओतते आणि साखर ताब्यात ठेवते. हे कित्येक वर्षे चालते, आणि तपासणीच्या कागदावर सर्व ठीक दिसते. आमच्या कारखान्यातही माल पुरा निघाला की दोन पाळ्या कोणी केल्या, हे कोण विचारतो?

पण त्याच वर्षांत रक्तवाहिन्या खराब होत असतात. यकृत जादा चरबी रक्तात सोडते, चांगले कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब चढतो, धमन्यांचे आतले अस्तर बिघडते. अमेरिकेतील जेरल्ड रीव्हन यांनी १९८८ साली बँटिंग व्याख्यानात ही लक्षणे एका माळेत ओवून दाखविली.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक. जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना कमी. मी टाळी वाजवणार होतो. पण १९५६ साली त्यांनीच गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, तेव्हा तरुण चालकांचीही कंबर वाहकांहून मोठी निघाली! म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हे. काही माणसे नोकरीवर येतानाच ती कंबर घेऊन येत होती. सभेत सांगायला हे गैरसोयीचे आहे, पण खरे आहे.

आपल्याकडे तर कंबरही फसवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याबरोबर २००४ साली स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखे, निर्देशांक २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! म्हणून आपल्या पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर कमरेलाच सावध व्हावे असे सांगतात. हडकुळा आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

एक गोष्ट मला फार आवडली. राबणारा स्नायू इन्सुलिनच्या हुकमाची वाट न पाहताही साखर उचलतो. त्यामुळे आमच्या नव्या मागणीपत्रकात पगारवाढीखाली एक कलम आहे: दोन फेऱ्यांमध्ये चालकाला वीस मिनिटे, चालण्यासाठी, आणि वार्षिक तपासणीत साखरेबरोबर टेप, रक्तदाब व रक्तातील चरबी. समोरच्या साहेबांनी विचारले, चालण्याचे पैसे कशाला? बोलणी चालू आहेत.