जेवणाचा ताळेबंद

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटे दिली आहेत. बँकेत असताना स्टाफला सर्क्युलर समजावून सांगायची सवय होती, म्हणून आजही एका सर्क्युलरबद्दलच बोलतो. ते रिझर्व्ह बँकेचे नाही, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आहे. भारतीयांनी काय आणि किती खावे, याची मार्गदर्शक तत्त्वे या संस्थेने १९९८ साली काढली, २०११ साली सुधारली आणि मे २०२४ मध्ये पुन्हा नव्याने आणली. म्हणजे हे पुस्तक आपल्या सोसायटीपेक्षा जेमतेम मोठे!

खालच्या बाकावर संध्याकाळी यावर वाद होतो. "अहो, हे लोक दर दहा वर्षांनी वेगळंच सांगतात. विश्वास कुणावर ठेवायचा?" प्रश्न रास्त आहे. पण व्याजदर बदलले म्हणून आपण पासबुक फाडून टाकत नाही.

साठच्या दशकात जगभर बोलबाला होता की गरीब देशांत प्रथिनांची टंचाई आहे. तेव्हा आपल्या सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे आणि हैदराबादच्या संस्थेचे डॉ. गोपालन यांनी आकडे मांडून वेगळे सांगितले. मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. नेहमीचे धान्य-डाळीचे जेवण पुरेसे मिळाले तर प्रथिनांचाही प्रश्न बराचसा सुटेल. मोजमाप केले म्हणून सल्ला बदलला. आजही पद्धत तीच आहे. २०१७ साली आपल्याकडच्या ५२८ खाद्यपदार्थांत काय काय असते याचे नवे तक्ते आले. २०२० साली शरीराच्या गरजा पुन्हा मांडल्या. त्यात हिशेबासाठी धरलेल्या पुरुषाचे वजन ६० किलोवरून ६५ झाले आणि स्त्रीचे ५५ धरले. त्यानंतर २०२४ ची सतरा तत्त्वे आली. आता चिंता पोट भरण्याची कमी आणि कशाने भरतो याची जास्त. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझे चुकीच्या आहारामुळे आहे, असा त्यांचा अंदाज आहे.

मला स्वतःला हे पटले ते आमच्या घरातल्या वहीमुळे. दोन वर्षांपूर्वी सौ.चे हिमोग्लोबिन नऊवर आले. डॉक्टरांनी विचारले, "काय खाता?" मी छाती पुढे काढून सांगितले, "साधं घरचं जेवण." ते म्हणाले, "लिहून आणा." आठवडाभर लिहिले. सकाळी पोहे नाहीतर उपमा, दुपारी पोळ्या आणि भात, रात्री परत पोळ्या. वरण इतके पातळ की वाटीचा तळ दिसावा. भाजी दोन चमचे, आणि तीही सर्वांचे झाल्यावर उरेल ती तिच्या वाट्याला. हे मी कधी पाहिलेच नव्हते. आयुष्यभर लोकांचे ताळेबंद तपासले, शेजारच्या ताटाकडे लक्ष गेले नाही.

नव्या पुस्तकात म्हटले आहे की धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांवर नसावी. आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के असते. दोन हजार कॅलरीच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५, भाज्या ४००, फळे १००, दूध किंवा दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. साखर दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅमच्या आत. आम्ही काही महाग आणले नाही. एक पोळी कमी केली आणि मटकी, चवळी, हरभरा यांची उसळ आलटून-पालटून सुरू केली. पालेभाजी निवडायचे काम माझ्याकडे आले. (मेथी निवडायला किती वेळ लागतो हे निवृत्तीनंतर कळले.)

दुसरी चूक चहाची. जेवण झाले की लगेच चहा, ही माझी बँकेतली सवय. माझ्याबरोबर तीही घ्यायची. पुस्तक सांगते की जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको, कारण त्यातले टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही. नऊचे कारण एवढेच होते असे मी म्हणणार नाही; तिने डॉक्टरांच्या गोळ्याही घेतल्या. आज आकडा साडेअकरा आहे. पण चाळीस वर्षे तो कप मीच पुढे केला होता, हे मनातून जात नाही.

आता सोसायटीपुरते दोन शब्द. आपल्या प्रत्येक सभेला बटाटेवडा आणि पेढा असतो. मी वड्याच्या विरुद्ध नाही, पण पुढच्या वार्षिक सभेला एक वडा आणि शेजारी मोड आलेल्या मुगाची वाटी ठेवावी, असे पत्र मी सेक्रेटरींना दिले आहे. विषयपत्रिकेवर घ्यावे ही विनंती.

आणि आज जेवणानंतरचा चहा तासाभराने येईल. कमिटीने माझ्या सांगण्यावरूनच हे ठरवले आहे, तेव्हा कृपया आचाऱ्यावर ओरडू नका. ओरडायचे तर मी तिसऱ्या रांगेत सौ.शेजारी बसलो आहे.