पालीहून तिरूरपर्यंत



संस्थेच्या वार्षिक संमेलनात मी माझ्या केरळच्या प्रवासाविषयी चार शब्द बोललो होतो. ते स्मरणिकेसाठी लिहून द्यावेत असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, म्हणून तेच थोडे नीटनेटके करून येथे देत आहे. मी लेखक नव्हे, वर्गात खडू हातात धरून बोलण्याची सवय असलेला शिक्षक आहे. तेव्हा कोठे शिकवणीचा सूर लागला तर सांभाळून घ्यावे.

हा प्रवास हौसेचा नव्हता. माझ्या आईचे गुडघे बरीच वर्षे दुखत आहेत. मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथे १९०२ साली स्थापन झालेली आर्य वैद्यशाळा आहे. तेथील तेलाच्या उपचारांचा गुण येतो असे अनेकांकडून ऐकले होते. गेल्या दिवाळीच्या सुटीला थोडी रजा जोडली आणि आईला घेऊन निघालो.

पालीहून एसटीने पनवेल आणि तेथून दुपारी रेल्वे. रोह्यापासून पुढचा मार्ग हा कोकण रेल्वेचा. १९९८ साली तो सबंध सुरू झाला. त्याआधी आपल्या भागातून मलबारला जावयाचे म्हणजे पुणे आणि मद्रासकडून केवढा तरी वळसा पडे. आपल्याच किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जायचे, पण वाट मात्र घाटापलीकडची! हा मार्ग ज्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला ते ई. श्रीधरन हे केरळच्या पालघाट जिल्ह्यातले. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरांचा करबुडे बोगदा सुरू झाला तेव्हा आईने तसबीह हातात घेतली, ती गाडी उजेडात आल्यावरच खाली ठेवली.

पहाटे जाग आली तेव्हा गाडी केरळात शिरली होती. आई खिडकीशी बसून होती. ती म्हणाली, "आपण परत घरी तर नाय ना आलो?" तिचा प्रश्न वेडगळ नव्हता. तेच माड, त्याच पोफळी, जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौले, आणि गाडी एका खाडीवरून सुटली की दुसऱ्या खाडीवर. विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावे. आपण ज्याला जांभा म्हणतो, त्याला शास्त्रज्ञांनी जे लॅटराइट नाव दिले ते याच मलप्पुरम जिल्ह्यातील अंगाडीपुरम येथे. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने पाहिले की, लोक हा दगड जमिनीतून कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापून काढतात आणि वाऱ्यावर ठेवला की तो टणक होतो. विटेला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याने हे नाव ठेवले. त्याचे पुस्तक १८०७ साली प्रसिद्ध झाले. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे आपण रोज पाहतो तो दगड जगाच्या पुस्तकात गेला तो असा.

एक फरक मात्र आहे. आपल्याकडे दसऱ्यानंतर पाऊस संपतो आणि मार्चपर्यंत डोंगर पिवळे पडतात. तेथे जूनचा पाऊस तर येतोच, शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरा पाऊस येतो. मलयाळी तुला महिन्यात येतो म्हणून त्याला तुलावर्षम् म्हणतात. सकाळी लख्ख ऊन, आणि दुपारी ढग भरून येऊन गडगडाटासह सर. आमच्या सबंध मुक्कामात छत्री सुटली नाही.

कोट्टक्कलसाठी तिरूर स्टेशनवर उतरावे लागते. तिरूर म्हणजे मलयाळम भाषेचे जनक मानले गेलेले कवी एळुत्तच्छन् यांचे गाव. त्यांच्या स्मारकाच्या जागी लोक लहान मुलांना पहिले अक्षर गिरवण्यासाठी घेऊन येतात. आपल्याकडे संतकवींच्या गावी यात्रा भरते. येथे बाराखडीसाठी गर्दी होते हे मला शिक्षक म्हणून फार आवडले.

आम्ही वैद्यशाळेपासून जवळ एका मापिळा मुसलमान कुटुंबाच्या घरी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलो. मापिळा आणि आपण कोकणी मुसलमान यांत साम्य पुष्कळ. दोघांचे पूर्वज समुद्राच्या व्यापाराशी बांधलेले, दोघेही शाफई, दोघांचेही तरुण आखातात. घरात तांदूळ, नारळ आणि मासळी. आईला परके असे काही वाटलेच नाही. पण भाषेच्या बाबतीत ते आपल्यापेक्षा सरळ. घरात मलयाळम, शाळेत मलयाळम, मशिदीतले प्रवचनही मलयाळममध्येच. कोणत्या माध्यमात घालावे हा जो वाद आपल्याकडे प्रत्येक घरी जून महिन्यात उभा राहतो, तो मला तेथे कोठे ऐकू आला नाही. माझे मत काहींना रुचणार नाही, पण घरात बोलतो त्या भाषेत मूल लवकर शिकते हे मी वर्गात रोज पाहतो.

सकाळी सातच्या आत रस्त्यावर मुलामुलींची रीघ लागे. मला वाटले, शाळा इतक्या लवकर कशी? चौकशी केली तेव्हा कळले की ही मदरशाची वेळ. मदरसा आटोपून, घरी न्याहारी करून तीच मुले पुन्हा शाळेच्या गणवेशात बाहेर पडत. दीन की दुनिया असा प्रश्न त्यांनी वेळापत्रकातच सोडवून टाकलेला आहे.

त्या घरात एक वृद्ध उम्मा होत्या. मापिळा लोक आईला उम्मा म्हणतात. त्यांना मलयाळमखेरीज काही येत नव्हते, माझ्या आईला कोकणीखेरीज काही येत नव्हते. तरी दोघी तासन्‌तास पडवीत बसत. दुभाषी म्हणून त्यांची नात होती. ती कॉलेजात शिकणारी मुलगी. तेथे शाळेत हिंदी शिकवतात, त्यामुळे तिची हिंदी कामापुरती चांगली होती. एके दुपारी पाऊस धो धो लागला असताना उम्मांनी आपली गोष्ट सांगितली, ती मी जमेल तशी सांगतो.

त्यांचे यजमान आखातात होते. पत्र येई ते मलयाळममध्ये. उम्मांना लहानपणी मदरशात अरबी-मलयाळम, म्हणजे अरबी लिपीत लिहिलेली मलयाळम शिकवलेली, तीच काय ती वाचता येई. त्यामुळे पत्र शेजारच्या शाळकरी मुलाकडे न्यावे लागे. नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र त्या मुलाने मोठ्याने वाचायचे आणि आळीतल्या बायांनी ऐकायचे! उत्तरही त्याच मुलाने लिहायचे. "मग मी काय सांगणार?" उम्मा म्हणाल्या. "मुले बरी आहेत, पैसे मिळाले, एवढेच."

पुढे १९९० साली केरळभर साक्षरतेची मोहीम निघाली. त्याआधी एर्नाकुलम जिल्ह्यात ती यशस्वी झाली होती, आणि त्यामागे केरळ शास्त्र साहित्य परिषद ही संस्था होती. बिनपगारी स्वयंसेवक घरोघर, पडवीत, माडाखाली वर्ग घेत. म्हाताऱ्यांना अक्षर दिसत नसे, तेव्हा चष्मे मिळवून देत. उम्मांना शिकवायला येणारी मुलगी अकरावीत होती. चार महिन्यांनी उम्मांनी स्वतःच्या हाताने पहिले पत्र लिहिले. त्यात काय लिहिले असे नातीने विचारले तर त्या हसल्या आणि ते काही केल्या सांगेनात.

१८ एप्रिल १९९१ रोजी कोळिकोडच्या मानांचिरा मैदानावर केरळ संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. ती कोणी केली? मंत्र्यांनी नव्हे. चेलक्कोडन आयिशा या मलप्पुरम जिल्ह्यातल्या, नव्याने अक्षर शिकलेल्या एका मुसलमान बाईने ती केली. ज्या जिल्ह्याला एके काळी मागासलेला म्हणून हिणवत, त्या मलप्पुरममध्ये २०११ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण ९३ टक्क्यांवर होते. आपला रायगड तेव्हा ८३ टक्क्यांच्या आसपास होता.

हे एका मोहिमेने झाले असेही नाही. फरोक येथील कॉलेज १९४८ चे आहे. डॉ. पी. के. अब्दुल गफूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम एज्युकेशनल सोसायटी काढली ती १९६४ साली. वैकम मुहम्मद बशीर यांनी तर त्याहून आधी, १९५१ साली, आजोबांच्या हत्तीची फुशारकी मारणाऱ्या घराण्यातील एका निरक्षर मुलीवर कादंबरी लिहून आपल्याच समाजाला हसवले आणि खजीलही केले. तिला अक्षरे शिकवते ती शेजारची शिकलेली मुलगी. आपल्याकडेही असे हत्ती पुष्कळ आहेत, नावे घेत नाही.

बाकीचा प्रवास थोडक्यात सांगतो. एका रविवारी कोळिकोडला जाऊन कुट्टिच्चिराची लाकडी मिश्काल मशीद पाहिली. १५१० साली पोर्तुगीजांनी ती जाळली होती. तिला मिनार नाही, उतरते छप्पर आहे, थेट आपल्या कोकणातल्या जुन्या मशिदींसारखे. परतण्यापूर्वी एक दिवस कोचीन केले. तेथील १५६८ चे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर पाहताना आपल्याकडचे पेणकर, रोहेकर आठवले. एकोणिसाव्या शतकात आपल्या बेने इस्रायलांना धर्म शिकवण्यासाठी कोचीनहून शिक्षक येत असत. असो.

आईचे गुडघे पूर्वीपेक्षा बरे आहेत. पण ज्या दुपारी उम्मांनी पत्राची गोष्ट सांगितली त्या रात्री ती मला म्हणाली, "तुझ्या बापाचं पत्र पोस्टमन वाचायचा." माझे वडील बोटीवर होते. मला हे ठाऊक होते, पण तिने ते तोंडाने कधी काढले नव्हते.

आता हे सगळे तुम्हाला का सांगितले, ते ऐका. पालीपासून आत एका गावात माझी एक विद्यार्थिनी आहे. गेल्या वर्षी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि घरी बसली. वडील कुवेतला असतात. त्यांचे म्हणणे, रोज एसटीने मुलगी जाणार, लोक काय म्हणतील? निकालानंतर मी त्यांच्या घरी गेलो होतो आणि चहा पिऊन परत आलो होतो. केरळहून आल्यावर पुन्हा गेलो. आईला बरोबर नेले. मी फारसे बोललो नाही, आईच बोलली. मुलीच्या आईला वाचता येत नाही. कुवेतहून मोबाइलवर आवाजाचा निरोप येतो तोच ती ऐकते, लिहून आलेला मुलीकडून वाचून घेते. तिने आमच्यासमोरच नवऱ्याला फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मला विचारले, "सर, तिकडच्या मुली खरंच बसने जातात?" मी म्हणालो, "जातात. मी रोज पाहत होतो." ते म्हणाले, "बघतो."

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की मी तिसऱ्यांदा जाणार आहे. आई म्हणते, तीही येईल.